तिसरा पुरावा

शब्दकोशाच्या कचेरीत त्या गृहस्थांना सगळे धावपटू म्हणत, कारण चौदा वर्षं त्यांच्याकडे ‘रन’ हे एकच इंग्रजी क्रियापद होतं आणि तेवढ्या काळात ते खुर्चीवरून फारसे उठले नव्हते. हा शब्द मुळात वाहत्या पाण्यासाठीही वापरला जाई, हे कळलं त्या दिवशी त्यांनी बायकोला गॅस बंद करून ऐकायला बसवलं होतं. पुढे त्या शब्दाने पाय, यंत्रं, दुकानं, निवडणुका, सर्दीचं नाक, काही म्हणून सोडलं नाही. अर्थ सहाशेच्या वर गेले. एवढी ओळख त्यांना पोटच्या मुलीचीही नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी भांडून गेली, पत्तासुद्धा न देता. बायको तेव्हापासून पोस्टमनची वाट बघत होती.

कचेरीचा नियम कडक होता. प्रत्येक अर्थाला तीन पुरावे, त्यातला एक खाजगी पत्रातला. वाक्य कापायचं, कार्डावर चिकटवायचं, उरलेला कागद टोपलीत. ‘रन इन द फॅमिली’, म्हणजे ‘घराण्यात चालत येणे’, या अर्थाला पत्र काही मिळेना.

एका संध्याकाळी धावपटू जेवताना खुलले. “मिळालं गं एकदाचं! आपल्या मुलीचं पत्र आलं कचेरीत. चक्क इंग्रजीत!”

बायकोचा घास हातातच राहिला. “काय लिहिलंय?”

“हट्टीपणा आपल्या घराण्यातच चालत आलाय, असं. काय अचूक वापरलंय क्रियापद!”

“आणि पुढे? पत्ता?”

“पुढे... ते टोपलीत.”

बाबा निदान इंग्रजी तरी शेवटपर्यंत वाचतील, असं त्या बिचारीला वाटलं असावं.

सकाळी बायको त्यांच्याआधी कचेरीत पोचली. टोपल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. उरलं होतं ते कार्ड.

“सोडवा तो कागद. मागे काहीतरी असेल.”

“अगं, पुरावा जाईल!”

तिने कार्ड त्यांच्या पुढ्यात सरकवलं. धावपटूंनी बोट ओलं केलं. कागद फाटत फाटत सुटला. मागे दीड ओळ होती. ती त्यांनी मराठी करून मोठ्याने वाचली, “‘...तिला बघायला याल? उत्तर नाही आलं, तर मी समजून जाईन.’” मग त्यांनी चष्मा पुसला. “तिला म्हणजे कुणाला गं?”

बायकोला रडू आवरेना.

“नात झालीय हो तुम्हाला,” ती म्हणाली. “की त्यालाही तीन पुरावे हवेत?”