चार बोटं बाजूला

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही—आणि तिच्यापाशी एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतेय? थकले आहे, एवढंच.

मोताळ्यात आमच्या ह्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज होतं. होतं—म्हणजे त्याचे पत्रे अजून उभे आहेत. जुनी गाडी घ्यायची झाली की लोक आधी ह्यांच्याकडे आणायचे. हे हातोडीने तळ ठोकत जायचे. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, आतून गंजलेला भद्द. "गंज डोयाले दिसत नाई, कानाले दिसते," असं म्हणायचे. त्या कानाचा मला केवढा गर्व होता!

मग आम्हीच एक जुनी कार घेतली. तळ गंजलेला, म्हणून तर आमच्या ऐपतीत बसली. नवा तळ टाकणं परवडणारं नव्हतं. खालची चटई आणि तिच्याखालचा ओला फोम काढला, तारेच्या ब्रशने घासलं, जिथे पत्रा गेला होता तिथे जुन्या पिंपाचा पत्रा कापून ठिगळं जोडली. ह्यांचा गुडघा सुजलेला, मागच्या सीटपाशी वाकता येईना. तिथलं मी घासलं. रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग लावायच्या आधी शेवटची ठोकणी—मी आत, हे दाराशी खुर्चीवर, डोळे मिटून. मी ठोकायचं, ह्यांनी ऐकायचं.

आता त्या जागेपाशी येते. किती गोल गोल फिरले ना?

मागे डाव्या बाजूला, पाय ठेवतात तिथे, हातोडी आधी हलकीच टेकवली. भद्द. मला ऐकू आलं, दारापर्यंत पोचलं नाही. म्हणजे ते कापायचं, ठिगळ लावायचं—आणखी दोन दिवस. आणि मला त्याच आठवड्यात संग्रामपूरला माहेरी जायचं होतं. त्याच गाडीतून. भावजयांनी दारात येऊन बघावं म्हणून. आहे का ह्याला काही अर्थ?

"काऊन थांबली?" ह्यांनी विचारलं.

मी हातोडी चार बोटं बाजूला सरकवली. सीटखालच्या जाड पट्टीवर. आणि मारली. ठण्ण.

"झकास," हे म्हणाले. "मार रंग."

मी मारला. दोन हात.

माहेरी मिरवून झालं. दोनेक महिन्यांनी धामणगाव बढ्याला माझी नणंद गाडीत बसायला गेली, आणि तिचा पाय तळातून थेट खाली गेला. पोटरी फाटली. हे तिथेच रस्त्यात बसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माही. माह्या कानानं दगा देल्ला." ती बिचारी कण्हत कण्हत भावाचीच समजूत काढत होती. आणि मी? मी पदर फाडून तिची पोटरी बांधत होते. लोकांनी माझं कौतुक केलं. तेही मी घेतलं.

त्यानंतर कोणी गाडी दाखवायला आणली की हे परत पाठवायचे. "दुसऱ्याले दाखव बाप्पा, माहा कान गेला." हळूहळू लोक यायचे थांबले. मुलीने कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. ह्यांना पटलं नाही. मला तर आधीपासूनच ठाऊक होतं. कितीदा तोंड उघडलं असेल मी? उघडलं, आणि चहा घेता का विचारलं.

गेल्या बाजारी माठ घ्यायला गेलो. ह्यांनी एक उचलला, बोट वाजवायला नेलं—आणि थांबले. माठ माझ्याकडे दिला.

"तूच वाजवून पाय. माह्या कानाचं काई खरं नाई."

मी टिचकी मारली. ठण्ण. बाजाराच्या एवढ्या गलक्यात ह्यांची मान बरोबर त्या आवाजाकडे वळली. मी पाहिलं ते.

"कसा वाजला?" ह्यांनी मला विचारलं.

"चांगला हाये," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या शब्दावर माठ खांद्यावर घेतला.