मागच्या भिंतीवरची बाहुली

मी परांच्या भाड्याने देतो. लोखंडी पाइप, क्लॅम्प, फळ्या, शिड्या. बांधून देतो आणि काम संपेपर्यंत तपासतो. सुरुवात दुसऱ्याच्या हाताखाली बल्ल्या बांधण्यापासून केली. आज माझा माल मोताळ्यापासून धाडपर्यंत उभा असतो. कुणाच्या मेहरबानीने नाही. तरीही भाव ठरवताना समोरचा शेवटी एकच वाक्य काढतो, "मेहकरले तुमच्याच परांचीवरून माणूस पडला होता ना?" झालं. माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की भाव उतरतो.

मेहकरचं असं झालं होतं. परांची भिंतीपासून सुटू नये म्हणून एक आडवा पाइप खिडकीतून आत नेऊन जखडतात. आम्ही त्याला टाय म्हणतो. प्लास्टरवाल्यांच्या थापीला तो आडवा येतो, म्हणून ते तो पाच मिनिटांसाठी काढतात आणि विसरतात. मेहकरला परांची बाहेर झुकली, एक जण पडला, त्याचा पाय कायमचा आखडला. त्या टोळीचा मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "टाय आमी काढला, खरं आहे. पण सकाळी पाहाले कोण आलं होतं?" मी त्याची कॉलर धरली. त्यानंतर सात वर्षं आम्ही बोललो नाही.

मी टायला लाल रंग दिला. लोकांनी लाल पाइपही काढले. पाट्या लावल्या, तर पाट्यांवर बसून डबे खाल्ले. मग एका बांधकामावर, नजर लागू नये म्हणून मालकाने टांगलेली काळी बाहुली मी पाहिली. महिना झाला होता, तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या खालून जाताना माणसं वाकून जात. मी त्याच दिवशी बाजारातून डझनभर बाहुल्या आणल्या आणि प्रत्येक टायला एकेक बांधायला लागलो. त्यानंतर एकही टाय निघाला नाही. कशाला खोटं बोलू, मला माझ्या डोक्याचा अभिमान वाटला.

गेल्या वर्षी मोताळ्यात एका निवृत्त गुरुजींच्या तीन मजली घराचं काम घेतलं, तर प्लास्टरला तोच मिस्त्री. गुरुजींनी ठरवलेला, मला बदलता येईना. शेवटी मागची भिंत आणि कोपऱ्यावरून रस्त्याकडे वळलेला थोडा भाग उरला. मागे वरच्या खिडकीतून टाय घेतला आणि त्याला बाहुली बांधली. मिस्त्री खालून पाहत होता.

"शेठ, ही कशाले?"

"नजर लागू नये म्हणून."

"आमच्या घरी हे मानत नाहीत. मी पाइप मानतो. पाइप काढू नका म्हणाचं असन तं तसं सांगा ना."

"सांगून ऐकता का तुम्ही?"

तो थापी धुवायला लागला.

दोन दिवसांनी सकाळी धाडला एक सौदा करायला निघालो. वाटेत गुरुजींच्या घरासमोर गाडी थोडी हळू केली. बाहुली लोंबकळताना दिसली. गाडीवरून उतरलोही नाही. राजूरचा घाट चढून बुलडाण्यात चहाला थांबलो, आणि कप तोंडाला लावला तेव्हा डोक्यात आलं की बाहुली मागच्या भिंतीला होती. मागची भिंत रस्त्यावरून दिसत नाही.

मिस्त्रीला फोन लावला. उचलेना. परांचीवर फोन न्यायचा नाही हा नियम माझाच. गुरुजींना लावला, तर ते मलकापूरला लग्नात. मागे बँडचा आवाज. मी बाहुलीचं विचारलं.

"भावली ना? काल मीच पुढं टांगायला लावली. मागं तिले कोण पाहते? नजर तं रस्त्यावरून लागते."

"आणि तिथला पाइप?"

"तो ग्रिलवाल्यानं काढला वाटते. त्याले खिडकीत अडचण होत होती. काऊन हो?"

चहा तसाच टाकून मागे फिरलो. घाटात एक ट्रक पुढे जाऊ देईना. मी हॉर्नवरचा हात काढला नाही आणि त्या ड्रायव्हरला, गुरुजींना, ग्रिलवाल्याला, सगळ्यांना शिव्या देत उतरलो. प्रत्येक वळणाला वाटत होतं, आता फोन वाजेल.

मागे जाऊन पाहिलं. वरच्या फळीवर मिस्त्री आणि दोघे मजूर, भरलेली घमेली, आणि परांची भिंतीपासून हातभर सुटलेली. ओरडलो असतो तर तिघेही एकदम शिडीकडे पळाले असते, आणि त्या धक्क्याने सगळंच खाली आलं असतं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कुणाशी बोललो नसेन.

"मिस्त्री, चहा सांगितला आहे. एकेक जण उतरा. घाई नाही. घमेली तिथंच राहू द्या."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. त्याला कळलं. दोघांना आधी उतरवलं, स्वतः शेवटी उतरला.

टाय आत खोलीत फरशीवर पडला होता.

"ग्रिलवाल्याची चूक," मी म्हणालो. आवाज चढायला लागला होता.

"हाव," तो म्हणाला. "अन् सकाळी पाहाले कोण आलं होतं?"

तेच वाक्य. या वेळी माझा हात कॉलरकडे गेला नाही.

"मी आलो होतो. रस्त्यावरून पाहिलं."

"अन् मेहकरले?"

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तिथंही रस्त्यावरूनच."

त्याने फरशीवरचा टाय उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तिथं जो पडला त्याले सांगा हे. तो अजून म्हणते, माह्याच टोळीनं त्याले पाडलं."

मी परांची खालून ओढून घेतली, टाय बसवला, क्लॅम्प आवळले. "चढा," म्हणालो. तो जागचा हलला नाही.

"आधी तुमी."

माल वाढल्यापासून मी वर जाणं सोडलं होतं. शिडीच्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढलो. वरच्या फळीवर उभा राहून दोन्ही हातांनी उभा पाइप हलवून पाहिला. हलला नाही. तेव्हा तो चढला.

संध्याकाळी ग्रिलवाल्याशी मी कडाक्याचं भांडलोच. भांडून पुन्हा मागे गेलो, वर चढलो, टाय हाताने चाचपला. भिंतीचं प्लास्टर झालं होतं. टायच्या भोवतीचा हातभर भाग मिस्त्रीने कोरा सोडला होता.

"हा शेवटी," तो खालून म्हणाला. "पाइप तुमी काढाल तेव्हा."

सकाळी मेहकरला निघायचं ठरवलं. मिस्त्रीला म्हणालो, "तुम्हीही चला."