व्हर्लनचा अंगठा

फाटक मी लावलं. कुणी लावायला सांगितलं नव्हतं. मी आपणहून, चांगल्या वळणाचा माणूस म्हणून, साखळीला दोन वेढे देऊन, आकड्यात अडकवून, वर एकदा हलवूनही पाहिलं. ऑगस्टमधला बुधवार होता, ऊन नुकतं उतरलं होतं, आणि गाडीत बसताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. दीड दिवसानं, शुक्रवारी पहाटे, मिस अर्लीन गिलिलँड यांची अठरा गुरं तारेचं कुंपण मोडून, डांबरी रस्ता ओलांडून आमच्या पाद्रीबुवांच्या अंगणात शिरली आणि त्यांच्या नातवंडांसाठी फुगवून ठेवलेला रबरी हौद पिऊन मोकळी झाली. हौद रिकामा झाल्यावर एक गाय त्यात बसली.

झालं होतं असं की वरच्या कुरणातला ओढा आटला होता. गुरांना पाणी एकच, खालचं तळं. तळ्याकडे वाट एकच, ते फाटक. म्हणून ते उघडं होतं. कुंपण मोडताना एका कालवडीचा पाय तारेनं फाटला आणि गुरांच्या डॉक्टरला अकरा टाके घालावे लागले.

मिस अर्लीननं त्या तळ्यावर मासे धरायला येण्याची परवानगी मला दिलेली नव्हती. ती होती व्हर्लन स्टट्सला, सत्तावीस वर्षांपासून. मी त्याचा पाहुणा.

आमच्या डोंगरावर व्हर्लनला सगळे ओळखतात. हॉलिस गॅपच्या मोज्यांच्या गिरणीत त्यानं चौतीस वर्षं काढली. मोज्याचं बोटांकडचं तोंड शिवून बंद करायचं, एवढंच काम. "अर्ध्या अमेरिकेची बोटं मी झाकलीत," असं तो सांगतो. गिरणी बंद पडली तेव्हा उरलेल्या मालाची बरीच खोकी त्यानं घरी आणून ठेवली, आणि दर नाताळात मिस अर्लीनला दोन डझन जोड नेऊन देतो. तळ्याचं भाडं म्हणा, मान म्हणा, तिच्याकडे आज सहाशेच्या वर मोज्यांचे जोड आहेत आणि पाय दोनच.

व्हर्लन होडीत बसत नाही. गंटर्सव्हिलचं मोठं सरोवर आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे बास मासा धरायला लोक मोटारीएवढ्या किमतीच्या होड्या घेऊन येतात आणि होडीत यंत्राचे दोन-दोन पडदे लावून पाण्याखालचा मासा बघत बसतात. व्हर्लनला त्याची चीड नाही, नवल वाटतं. "होडीतून धरणं म्हणजे त्याच्या माजघरात घुसणं," तो म्हणतो. "काठावरून धरायचा तर त्याला दाराशी बोलवावं लागतं. त्याला जरा रीत लागते."

ही रीत शिकायला मी दोन वर्षांपूर्वी त्याच्यामागे लागलो. मी शाळेत बीजगणित शिकवतो, त्यामुळे तो मला मास्तर म्हणतो, आणि त्या शब्दात आदर किती आणि बाकीचं किती हे मला अजून सोडवता आलेलं नाही. पहिल्या दिवशी मी नवा तीन मजली डबा घेऊन गेलो. आत एकशे चाळीस आमिषं होती. पाती फिरणारी, खुळखुळणारी, लाकडी, रबरी, एक तर चक्क बदकाच्या पिल्लासारखं. व्हर्लननं वाकून तिन्ही मजले पाहिले.

"दुकान छान आहे," तो म्हणाला. "मालक कुठे बसतो?"

त्याच्याकडे तंबाखूचा एक चपटा डबा, त्यात पाच आमिषं. काळपट जांभळं प्लॅस्टिकचं गांडूळ तर बारा महिने. गळाचं टोक त्या गांडुळाच्या अंगातच लपवायचं, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही आणि मासा चावला की तेवढं बाहेर येतं. हे गांडूळ तळाशी टाकायचं आणि मग काहीही करायचं नाही. हे काहीही न करणं मला सर्वांत जड गेलं. मी दर अर्ध्या मिनिटानं ओढून बघायचो.

"मास्तर, परीक्षा चालू असताना पोरांच्या हातातून पेपर ओढून बघतोस का?"

"कधीकधी बघतो."

"तरीच पोरं नापास होतात."

त्याआधी मी पाण्याकडे निघालो तेव्हाही त्यानं थांबवलं होतं. "कुठे चाललास?"

"पाण्यापाशी."

"पाण्याला कळलं ते. तुझ्या बुटांनी सांगितलं." मग त्यानं दाखवलं. काठापासून पाच पावलं मागे थांबायचं. सूर्य पाठीशी असला तर आणखी मागे, कारण सावली आपल्या आधी पोचते. आणि पहिला गळ लांब, तळ्याच्या मध्यावर फेकायचा नाही, काठालगत फेकायचा. सकाळी मोठा मासा काठालाच, जवळजवळ आपल्या पायाशी असतो, आणि आपण त्याच्या डोक्यावरून गळ उडवून लांब बघत बसतो.

रबरी बेडकाचं तर विचारूच नका. कमळाच्या पानांवरून तो उड्या मारत आणायचा, आणि मासा खालून उसळला की लगेच ओढायचं नाही. मी ओढलं. बेडूक माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि मागे उभ्या असलेल्या व्हर्लनच्या टोपीत रुतला. त्यानं टोपी काढली, बेडूक काढला, टोपी घातली.

"जाऊ दे तोंडात. मिटू दे तोंड. वळू दे. मग ओढ. माणूस जेवायला बसल्या बसल्या ताट ओढतात का?"

बाकीचे नियम माणसांबद्दलचे. दुसऱ्याच्या तंगूसावरून, म्हणजे गळाच्या दोरीवरून, आपला तंगूस टाकायचा नाही. कुठे मिळाला हे विचारायचं नाही, आणि विचारलंच तर "पाण्यात" हे पूर्ण उत्तर मानायचं. तुटलेल्या तंगूसाचा तुकडा खिशात घालून घरी न्यायचा, नाहीतर बगळ्याच्या पायात अडकतो. मिस अर्लीनच्या तळ्यातले लहान बास काढून तिला साफ करून द्यायचे, कारण ते फार झाले की सगळेच उपाशी राहतात; मोठे मात्र हात ओले करून सोडून द्यायचे. आणि सगळं जसं दिसलं तसं ठेवायचं.

बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. त्याचे दात म्हणजे बारीक कानस, त्यामुळे दहा-बारा मासे झाले की अंगठ्याची साल निघते. व्हर्लनचा उजवा अंगठा एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत खरखरीत असायचा. रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबुवा हात मिळवत आणि अंगठा लागला की म्हणत, "काल बरा गेलेला दिसतो." व्हर्लन म्हणे, "देवाची कृपा." मागे रांग खोळंबलेली असायची.

तर त्या बुधवारी व्हर्लनला प्रार्थनासभेला जायचं होतं. तिथे तो खालच्या पट्टीत गातो आणि तो नसला की गाणं हवेत तरंगत राहतं. निघायची वेळ झाली तेव्हाच बांधापाशी माझ्या बेडकामागे पाणी उसळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पाहुण्याला तळ्यावर एकटं सोडायचं नाही, हाही नियमच. व्हर्लननं घड्याळ पाहिलं, माझा चेहरा पाहिला.

"दहा मिनिटं. मग नीघ. आणि कशाला हात लावू नको."

मासा मिळाला नाही. फाटकाची गोष्ट सांगून झालीच आहे.

शुक्रवारी शाळा सुटली तेव्हा त्याची जुनी पिकअप माझ्या गाडीला लागून उभी होती. काच खाली होती.

"मास्तर, बुधवारी आत गेलो तेव्हा फाटक कसं होतं?"

"उघडं."

"आणि तू निघालास तेव्हा?"

"लावलं ना मी. नीट साखळी घालून."

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "साखळी घातलीस ते बरं केलंस. नाहीतर गुरं सहज बाहेर पडली असती." आणि मग अठरा गुरं, हौद, टाके, सगळं त्यानं चार वाक्यांत सांगितलं. मी म्हणालो की मी आत्ता जाऊन मिस अर्लीनची माफी मागतो.

"तू यात नाहीस. तुला तिथे कुणी नेलं?"

"तुम्ही."

"एकटं कुणी सोडलं?"

"व्हर्लन, पण—"

"मग झालं तर." आणि काच वर केली.

त्या संध्याकाळी तो तिच्या ओट्यावर गेला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला की फाटक मीच लावलं, वय झालं, लक्ष राहत नाही. तिनं त्याला गोड चहा दिला. चहा संपल्यावर सांगितलं, पुन्हा तळ्यावर यायचं नाही. तो बरं म्हणाला. शनिवारी जाऊन त्यानं तिचं कुंपण बांधून दिलं, पाद्रीबुवांना नवा हौद आणून दिला, आणि तळ्याकडे न बघता परत आला.

सप्टेंबर गेला. गंटर्सव्हिलच्या पुलाखाली तो एकदा जाऊन आला. काठावर माणसाला माणूस लागलेला, आणि समोर एक होडी इतकी जवळ आली की होडीतल्या माणसानं यालाच विचारलं, "काही लागतंय का?" व्हर्लन म्हणाला, "तुझ्या होडीची कड." पुन्हा तो तिकडे गेला नाही. घरासमोरचं गवत तो आठवड्यातून तीनदा कापू लागला. गवताला वाढायला सवडच मिळेना.

मी दर आठवड्याला म्हणायचो, मी जाऊन सांगतो. तो म्हणायचा, "मी एक सांगितलंय. तू दुसरं सांगितलंस तर माझं काय राहिलं?" मला हे पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मिस अर्लीनची मला भीती वाटायची. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून गुरांना नावानं हाका मारते, गुरं येतात.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या दारात मी व्हर्लनच्या मागे उभा होतो. पाद्रीबुवांनी त्याचा हात हातात घेतला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात मात्र लगेच सोडला नाही. मागून मला दिसलं, अंगठा बरा झाला होता. गुळगुळीत, गुलाबी, एखाद्या कारकुनाचा असावा तसा. व्हर्लननं हात काढून खिशात घातला.

मी जेवायला घरी गेलोच नाही. तडक मिस अर्लीनच्या ओट्यावर गेलो. ती शेंगा सोलत बसली होती.

"मिस अर्लीन, ऑगस्टमध्ये ते फाटक मी लावलं होतं. व्हर्लननं नव्हे."

"माहीत आहे."

मी उभाच राहिलो.

"पोरा, मला चष्मा लागतो तो वाचायला. लांबचं सगळं दिसतं. तुझी निळी गाडी फाटकापाशी थांबलेली दिसली. मला वाटलं सूर्यास्त बघत असशील. शिकलेली माणसं बघतात."

"मग व्हर्लनला का बंदी घातलीत?"

"खोटं बोलला म्हणून. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्या ओट्यावर. वर माझा चहाही प्याला." तिनं एक शेंग मोडली. "दर रविवारी वाट बघतेय. दोघांपैकी कोण आधी येतो ते बघत होते. तुला सात आठवडे लागले."

"चुकलं माझं."

"हो. पण खरं बोललास. तू येत जा तळ्यावर."

"मी? मला तर मासे मिळतच नाहीत."

"तेच बरं. माझे मासे राहतील."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. ती पायरी व्हर्लननंच बसवलेली होती, हेही मला त्या वेळी आठवलं. मी विचारलं, "परवानगी मला आहे, तर मग मी पाहुणा आणला तर चालेल?"

तिनं हात थांबवले. कुरणाकडे पाहिलं. वर चरणाऱ्या गुरांत ती कालवड होती, धडधाकट चालत होती.

"पाहुण्यानं काही केलं तर तुझ्या डोक्यावर."

"असू दे."

"त्याला एकटं सोडायचं नाही."

"नाही सोडणार."

"आणि त्याला सांग, या नाताळात करडे मोजे नकोत. करडे पुरे झाले."

मी व्हर्लनकडे गेलो तेव्हा तो गवत कापत होता. यंत्र बंद करायला लावलं आणि सगळं सांगितलं, शब्दन् शब्द, शेंगांसकट. तो सत्तावीस वर्षं ज्या तळ्यावर गेला तिथे आता माझा पाहुणा म्हणून यायचं होतं. हे वाक्य बोलताना माझी जीभ दोनदा अडखळली. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. अंगणात कापलेल्या गवताचा वास होता.

"व्हर्लन, तुमचं सांगणं मोडून गेलो मी. रागावलात का माझ्यावर?"

"रागावलोय, पहाटे पाचला ये."