गुणगुण थांबल्यावर

भानुदासमामा कुठल्याही यंत्राला आधी हाताची पालथी बाजू लावत. माझ्या गिरणीच्या मोटारीलासुद्धा.

"कावून मामा, ताप आलाय का तिला?"

"तळवा लावला तर करंट मूठ आवळून धरतो, ताई. पालथा हात सुटतो तरी."

आमची भिंत एक, गळका करंट जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डाही एक. आमच्या कडा गावात उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की अर्थिंग नावालाच उरतं. मामा टँकरच्या पाण्याची कळशी, वर मूठभर मीठ, त्या खड्ड्यात ओतत. मामी ओरडायच्या, "माणसांना प्यायला न्हाई अन् ह्यो मातीला पाजतोय!" मामा ओतायचे थांबत नसत.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते घरीच अँप्लिफायर बनवायचे. ट्रान्सफॉर्मरची तारही स्वतः गुंडाळायचे. भजनी मंडळासाठी बनवलेला एक डबा मात्र सारखा गुणगुणायचा. मंडळाचे बाबूराव घाईवर आले.

"अर्थची वायर काढून टाक की बे. गुणगुण बंद!"

"गुणगुण बंद व्हईल, करंट न्हाई. त्यो डब्यात उतरंल. उद्या ने."

"भजन आज हाय. उद्या काय तेराव्याला वाजवू?"

मामा सामान आणायला आष्टीला गेले तेवढ्यात बाबूरावांनी डबा उचलून नेला. ते परतल्यावर मी सांगितलं, तसे मामा हातातला चहा तसाच सोडून देवळाकडे पळाले. मीही मागोमाग गेले. माझी धाकटी जाऊ सुनंदा माईक धरून गात होती. आवाज स्वच्छ होता, गुणगुण नव्हती. मामांनी थेट मेन स्विच खाली ओढला. अभंग तुटला. लोक खवळले. "म्हातारं खुळावलं!" बाबूराव तर अंगावर धावून गेले. अर्थची वायर कापलेली होती. मामा डबा काखेत मारून निघाले.

घरी त्यांनी तो चालू करून डब्याच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला. ट्रान्सफॉर्मर उकलला तर तारेखालचा करंट अडवणारा कागद जळून काळा झाला होता.

"वायर त्यानं कापली," मामा म्हणाले, "पण ही गुंडाळी माझ्याच हातची हाय, ताई."

त्यानंतर त्यांनी तार हातात धरली नाही. मंडळाने नवा संच आणला. दिवाळीनंतर मामा गेले.

त्या दिवशी गाताना काही जाणवलं का, असं सुनंदाला मी विचारलं होतं. "ओठाला मुंग्या येत होत्या," ती म्हणाली. "पण जाऊबाई, आवाज लई साफ येत होता."

खड्ड्यात पाणी आता मी ओतते. देवळातून भजन अगदी स्वच्छ ऐकू आलं की गिरणी बंद करून कान देते. सुनंदाचा पुढचा चरण कानावर पडला की मगच पट्टा पुन्हा चालू करते.