दुमडीतली गडद पट्टी

काल मुलाच्या शाळेच्या पँटची दुमड उसवली, तर आतून न विटलेल्या निळ्या कापडाची पट्टी निघाली. तिच्यावर इस्त्री फिरवताना उबट वास आला आणि मी टेमघरच्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

माझा दादा तेव्हा नववीत होता. भराभर उंच होत होता आणि दरवर्षी नवा गणवेश परवडायचा नाही. म्हणून आई लांबच पँट घ्यायची, चार बोटं आत दुमडून सैल टाके घालायची आणि शाळा सुरू व्हायच्या आधी थोडी थोडी उसवायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दादा काविळीने गेला.

पुढच्या जूनमध्ये एका दुपारी आईने पेटीतून त्याची पँट काढली आणि दारात बसून ब्लेडने टाके उसवायला लागली. तेवढ्यात बाबा लूमवरची ड्युटी संपवून आले. त्यांच्या केसांत, भुवयांवर कापूस बसला होता.

"कुणासाठी उसवतेस?" त्यांनी विचारलं.

"यंदा वाढला असता न्हाय का," आई मान वर न करता म्हणाली.

मी घाबरले. वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. आता माझाच मुलगा दादाएवढा झालाय, तर तसं वाटत नाही. बाबांना मात्र ते तिथल्या तिथे कळलं असावं. त्यांनी हात धुतले, आईसमोर बसले आणि पँटचा दुसरा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.