एकाच वळणाच्या अकरा सह्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती नेमकी सही करायची वेळ आली की. बँकेत, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर, अगदी कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा. चांगल्या तपासाचे किस्से मी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगतो. हा मात्र घरात कुणाला सांगितलेला नाही. कारण यात चोर पकडला गेला नाही, आणि जे वाईट झालं ते माझ्या सहीशिक्क्यानिशी झालं.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याच्या बाजूला ठाणेदार होतो. मी मूळचा घाटावरचा. ठाण्याच्या एका अंगाला सिमेंटचे कारखाने आणि कापसाची शेतं, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगरात कोलाम आदिवासींच्या वस्त्या. त्यांना तिकडे पोड म्हणतात. एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. आश्रमशाळांचे गणवेश शिवण्याचं एक सरकारी टेंडर निघालं होतं आणि ते पहिल्यांदाच आदिवासी बायांच्या गटांसाठी राखीव होतं. एका पोडावरच्या अकरा कोलाम बायांच्या गटाचे कागद पहिल्या छाननीत पास झाले होते. अर्जदाराचं म्हणणं असं, की हा गट बोगस आहे, सगळ्या सह्या एकाच माणसाने केल्या आहेत. पुरावा म्हणून गटाच्या ठरावाची झेरॉक्स जोडली होती.

मी झेरॉक्स पाहिली. अकरा नावं, अकरा सह्या, आणि वळण एकच. तोच गोल 'म', तीच शेवटी उंच गेलेली वेलांटी. अशा भानगडी आमच्या जिल्ह्यात नवीन नव्हत्या. कागदावर आदिवासी बाई आणि मागे बंगल्यात बसलेला भलताच कुणी, असे दोन गुन्हे मी स्वतः दाखल केले होते. त्यामुळे संशय आला यात चूक नव्हती. चूक पुढे झाली.

दोन दिवसांनी एक कापडाचा ठेकेदार 'सहज' चहाला आला. गणवेशांचा पुरवठा इतकी वर्षं तोच करत होता. अर्ज कुणाचा हे ओळखायला पोलीस असण्याची गरज नव्हती. पण ठाण्याच्या आवारातला थंड पाण्याचा कूलर त्यानेच दिलेला, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याची किंमत काय असते हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. दुसऱ्याचे कागद तुझ्या हाती कसे आले, हे मी त्याला विचारलं नाही.

चौकशीसाठी अकराही बायांना जीप पाठवून ठाण्यात आणलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून ओळीने बसल्या. माझा रायटर, म्हणजे लिखापढीचा हवालदार, जुना माणूस. त्याने एकेकीला आत बोलावून जबाब लिहिले, वाचून दाखवले आणि खाली अंगठे घेतले. अकरा जबाब, अकरा अंगठे. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर आले तेव्हा मी खूश झालो. ज्या बाया अंगठा देतात त्यांच्या सह्या ठरावावर आल्या कुठून? प्रकरण उलगडलं, असं मला वाटलं.

या गटाचे कागद भरून देणारी एक मुलगी होती. त्याच पोडाची, तिशीतली. एका कारखान्याच्या खरेदी विभागात तिने काही वर्षं नोकरी केली होती. मोठ्यांचे ठेके कसे मंजूर होतात हे तिथे पाहिलं आणि नोकरी सोडून ती आदिवासींच्या छोट्या गटांची नोंदणी कर, टेंडर भरून दे, नमुने पोचव, अशी कामं करत हिंडायची. बाया तिला ताई म्हणत. तिलाही सकाळपासून बसवून ठेवलं होतं. बायांना घरी सोडल्यावर मी तिला समोर घेतलं.

"सह्या कुणी केल्या?"

"बायायनंच केल्या, साहेब."

"सगळ्यांचं अक्षर सारखं?"

"मीच शिकवल्या न सह्या. चार महिने रोज दुपारी बसवलं त्यायले. माझंच वळण येईन."

मी हसलो. तिच्या तोंडावर हसलो, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

"कशाला शिकवल्या? अंगठा चालतो की."

"चालते म्हणतेत, पण चालत नाई. अंगठा दिसला का हापिसात कागद बाजूले ठेवतेत. मंग फाईल पुढं जातच नाई."

मी अकरा अंगठ्यांचे जबाब तिच्यापुढे टाकले. तिने ते एकेक करून पाहिले. तिचा चेहरा पडला. मी तो गुन्हेगाराचा चेहरा समजलो.

"साहेब, एकडाव त्यायच्या हातात पेन देऊन पाहा न."

"तपास कसा करायचा ते तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

खरं कारण फार साधं होतं. बाया निघून गेल्या होत्या, पुन्हा जीप पाठवायची म्हणजे कटकट, आणि टेंडर काढणाऱ्या कार्यालयाला अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. तो गेला. 'सदर महिला निरक्षर असून ठरावावरील स्वाक्षऱ्या बनावट असल्याचा दाट संशय आहे,' अशी भाषा, खाली माझी झोकदार सही. त्या कागदावर गट बाद झाला.

आठवड्याने गुन्हा दाखल करायचा म्हणून गटाचं रजिस्टर जप्त करायला मी पोडावर गेलो. एका मोठ्या छपराखाली शिलाई मशिनी मांडलेल्या, त्यांवर कापड झाकलेलं. पंचनामा झाला, रजिस्टर जप्त केलं, आता प्रत मिळाल्याबद्दल गटाच्या अध्यक्षीणबाईंचा अंगठा पाहिजे होता. साठीची म्हातारी, गटात सगळ्यांत मोठी. रायटर पिशवी चाचपू लागला. जीपमध्ये पाहून आला. शाईची डबी तो ठाण्यातच विसरला होता.

म्हातारी वाट पाहून कंटाळली. रायटरच्या खिशाकडे हात करून म्हणाली, "पेन दे न भाऊ."

तिने कागद मशिनीच्या फळीवर ठेवला, दातांत जीभ धरली आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. गोल 'म'. शेवटी उंच वेलांटी. तिचं झालं तशी दुसरी पुढे आली, मग तिसरी. न सांगता अकराही जणींनी ओळीने सह्या केल्या. ताई दाराशी उभी राहून बघत होती.

मी म्हातारीला विचारलं, "बाई, मग ठाण्यात अंगठा का दिला?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच अडाणी.

"तुमच्या माणसानं डबी समोर केली, आमी अंगठा देल्ला. पेन कुठी देल्ला कोणी?"

रायटर खाली बघत होता. त्याला तरी काय बोलू? लुगड्यातली बाई दिसली की डबी पुढे सरकवायची, ही आमच्या ठाण्याची रीत. मी त्याच्याहून वरचा, आणि मला तर पेन देऊन पाहा असं तोंडावर सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयाला पत्र पाठवलं, पण ते वरातीमागून घोडं. दुसरा पात्र गट नाही म्हणून राखीवपण उठवून ठेका त्याच ठेकेदाराला दिला गेला होता. आणि खरी शरम पुढेच आहे. ताई ठाण्यात आली आणि तिने एकच मागणं केलं. "साहेब, चूक ठाण्याची झाली, सह्या तुमच्यासमोर केल्या, एवढं लिहून द्या. पुढच्या टेंडरले लावतो." मी म्हणालो, "पाहतो." असं लिहून दिलं असतं तर माझीच खातेनिहाय चौकशी लागली असती. बढती तोंडावर होती. मी त्या निनावी अर्जावर 'तथ्य आढळून आले नाही, दप्तरी दाखल' असा शेरा मारला आणि वर्षभरात बदलून गेलो. बढतीही मिळाली.

निवृत्तीच्या आधी त्याच भागातल्या एका कारखान्यावर बंदोबस्ताला गेलो होतो. तिथल्या पहारेकऱ्यांचे गणवेश कुणी शिवले म्हणून सहज विचारलं, तर त्याच पोडाचं नाव निघालं. ताईने हार मानली नव्हती. खरेदी विभागातल्या साहेबाने मला करारनामाही दाखवला. खाली दहा सह्या होत्या, एकाच वळणाच्या. सगळ्यांत वर, अध्यक्षीणबाईंच्या नावापुढे, अंगठा होता.

परतताना मी साध्या कपड्यांत पोडावर गेलो. म्हातारीने मला ओळखलं आणि कोरा चहा दिला. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, ती मागितली. तिने मान हलवली, बस्स.

चौतीस वर्षांच्या नोकरीने मला एवढं शिकवलं, की ठाण्यात आलेला गरीब माणूस खरं काय ते देत नाही. आपण त्याच्यासमोर जे सरकवतो त्यावर तो अंगठा टेकवतो, आणि आपण त्याला पुरावा म्हणतो. हे मला फुकट शिकता आलं असतं. त्याची किंमत त्या बाईने मोजली.

निघताना मी खिशातला पेन काढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, "बाई, करारावर सही का नाही केली? तुम्हाला तर येते."

तिने तो हाताने बाजूला सारला.

"नोको जी. सही केली का पोलीस येते. अंगठ्याले कोणी काई म्हणत नाई."