पेनड्राइव्ह पुसायचा नाही

बायको जाऊन चार महिने झाले होते. तिचा आवाज एका पेनड्राइव्हमध्ये होता, आणि मुलगा म्हणत होता, तो पुसून टाकू.

चूक माझीच. पेन्शनच्या कागदांची प्रिंट काढायला अण्णा नगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात मी तोच घेऊन गेलो. तिथल्या कॉम्प्युटरला येणारा जाणारा आपापलं खुपसतो. घरी येऊन लावला, तर फोल्डरांच्या जागी बाणाची चित्रं. दाबून उपयोग नाही.

ती तंजावरकडची. तिची मराठी जुन्या वळणाची, तमिळच्या चालीची. लग्नात माझे साताऱ्याचे नातेवाईक हसले. मीही हसलो, लाज नव्हती तेव्हा. आता तसं बोलणारं घरात कोणी उरलं नाही. शेवटच्या वर्षी सुनेनं तिला बोलतं करून फोनवर रेकॉर्ड केलं. पुढे तो फोन बिघडला. उरलं ते या पेनड्राइव्हमध्ये.

मुलगा शहराच्या टोकाला, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी दोघं आली. त्यानं वरवर बघितलं.

“व्हायरस आहे बाबा. आतलं गेलं. फॉरमॅट करून देतो.”

“हात लावायचा नाही.”

“तुम्हाला यातलं काय कळतं?”

“आठवी नापासाला कळतं तेवढं कळतं. दार उघडत नाही म्हणून घर रिकामं झालं का?”

सून शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिनं पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढला. “यात विंडोज नाही, लिनक्स आहे. हा व्हायरस विंडोजचा दिसतोय, इथे त्याचं चालणार नाही. बघू तरी.”

लावला. बाणाची चित्रं तशीच होती, पण शेजारी फोल्डरही होते.

“गेले नव्हते बाबा, लपवले होते. व्हायरसनं लपव म्हटलं, ते विंडोजनं ऐकलं, यानं नाही ऐकलं.”

तिनं एक फाइल सुरू केली. “अय्यो, आधी तो टीव्ही बंद करा हो,” बायको मला म्हणाली. मी फरशीकडे बघत बसलो.

मुलाला जोर चढला. “द्या, सगळंच माझ्या लॅपटॉपवर ओढून घेतो. माझी सिस्टीम वेगळी, तिला नाही लागत व्हायरस.”

“तुला नाही लागणार. तुझ्याकडून पुढे ज्याच्याकडे जाईल त्याचं काय?” सून म्हणाली.

मी तीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होतो. सुटताना गेटवर प्रत्येकानं जेवणाचा डबा उघडून दाखवायचा. एकदा मोठा साहेब भडकला, “मला ओळखत नाहीस?” गार्ड म्हणाला, “ओळखतो साहेब. डबा उघडा.” ही गोष्ट मी मुलाला लहानपणापासून सांगत आलोय, आताही सांगितली. त्यानं तोंड वाकडं केलं.

सुनेनं फक्त आवाजाच्या फाइली एकेक तपासून बाजूला काढल्या. दुपार गेली. एकूण एक फाइल मी शेवटपर्यंत ऐकली, तोवर पेनड्राइव्ह कोणाला पुसू दिला नाही. मुलगा घड्याळ बघायचा, मी त्याच्याकडे बघायचो. मग त्यानं घड्याळ बघणं सोडलं.

निघताना त्यानं खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. “आईचं मलाही द्या.”

“देतो,” मी म्हणालो. “आधी डबा उघड.”

त्यानं तो तपासायला सुनेच्या हातात दिला.